मिठाचा तलाव आणि बिनपगारी बाई

आपल्या शहरी मैत्रिणींच्या बोलण्यात अलीकडे एक नवा शब्द आला आहे – 'सॉल्ट वॉटर पूल'. अलिबागला, कर्जतला, लोणावळ्याला कुणीतरी बंगला बांधलेला असतो, अंगणात पोहण्याचा तलाव असतो आणि तो दाखवताना आवर्जून सांगितलं जातं, "हा क्लोरीनचा नाही हं, मिठाच्या पाण्याचा आहे. एकदम नैसर्गिक. आणि देखभाल काहीच नाही." हे मी बंगलेवाल्यांच्या तोंडून ऐकलं, कंत्राटदाराच्या माहितीपत्रकात वाचलं आणि – याचा मला जास्त राग आहे – चळवळीशी नातं सांगणाऱ्या, आपल्या कार्यक्रमांना देणगी देणाऱ्या बायकांच्या तोंडूनही ऐकलं. यातले तिन्ही दावे खोटे आहेत. तलाव क्लोरीनचाच आहे. नैसर्गिक तर तो मुळीच नाही. आणि देखभाल इतकी आहे की तिच्यासाठी एक पुरी बाई लागते. ती बाई हिशेबात धरलेली नसते, म्हणून देखभाल 'काहीच नाही'.

मी समाजकार्याची पदवी घेऊन गेली काही वर्षं अलिबाग तालुक्यात काम करते. सुरुवातीला बचत गट, रेशनकार्ड, नवऱ्यानं टाकलेल्या बायकांची पोटगी अशीच कामं होती. २०२० साली भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारींसकट माणसं आणणारी रो-रो बोट सुरू झाली. त्यानंतर आमच्याकडे येणाऱ्या बायकांत बंगल्यांवर कामाला असलेल्या बायका वाढत गेल्या. तलावाचं जे काही मला कळलं ते त्यांच्याकडून कळलं, आणि जे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं ते मी शोधून वाचलं. म्हणून आधी थोडं रसायनशास्त्र. कंटाळू नका, कारण शोषण कुठे लपतं ते या रसायनशास्त्रातच दिसतं.

तलावाच्या पाण्यात मीठ घालतात, लिटरला साधारण तीन ते चार ग्रॅम. समुद्राच्या पाण्यात लिटरला पस्तीस ग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे समुद्राच्या मानानं हे पाणी जवळपास अळणीच. पंप ते पाणी खेचतो आणि एका नळीतून पुढे ढकलतो. नळीत टायटॅनियमच्या पट्ट्या असतात, त्यांतून वीज सोडलेली असते. विजेनं मिठाच्या पाण्याचं विघटन होतं आणि तयार होतो क्लोरीन. तोच, जो ग्रामपंचायतीचा माणूस टी.सी.एल. पावडरीच्या रूपानं गावच्या विहिरीत टाकतो. जंतू मारतो तो क्लोरीन. एवढ्याशा मिठानं जंतू मरत नाहीत. म्हणजे मालकानं क्लोरीन टाळलेला नाही, क्लोरीनचा छोटासा कारखाना घरी बसवला आहे. त्यात सोय आहे हे मी नाकारत नाही. क्लोरीनचे डबे रोज हाताळावे लागत नाहीत, पोहणाऱ्याला पाणी मऊ लागतं. पण 'रसायन नाही' ही शुद्ध जाहिरातबाजी आहे.

या कारखान्याला एक खोड आहे. क्लोरीन बनत राहतो तसतसा पाण्याचा पीएच चढत जातो. तो चढला की क्लोरीनचा जोर कमी होतो आणि पट्ट्यांवर चुन्याचा पांढरा थर धरतो. पीएच खाली आणायला ॲसिड लागतं. पट्ट्यांवरचा थर काढायला पातळ केलेलं ॲसिड लागतं. उन्हानं क्लोरीन नाहीसा होऊ नये म्हणून सायन्युरिक ॲसिड नावाची आणखी एक पावडर लागते. हे झालं 'नैसर्गिक' पाणी.

आता देखभाल. आमच्या गटात येणारी एक बाई जालना जिल्ह्यातली आहे. नाव देत नाही, नोकरी जाईल. गावाकडे टँकरमागे हंडा घेऊन धावलेली ही बाई आज चाळीस हजार लिटर पाणी राखते. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, सरासरी सव्वा मीटर खोल असा तो तलाव आहे, तुम्हीच गुणाकार करून पाहा. पंधरा लिटरची घागर धरली तर अडीच हजारांहून जास्त घागरी. त्यात पहिल्यांदा मीठ घालायचं तेव्हा एकशे चाळीस किलो लागलं. गोण्या आवारापर्यंत टेम्पोनं आल्या, तिथून तलावापर्यंत तिनं आणि नवऱ्यानं वाहिल्या. मीठ एका जागी ओतून चालत नाही, तळाला बसतं. म्हणून काठाकाठानं पसरायचं आणि लांब दांड्याच्या ब्रशानं ढवळत राहायचं.

रोज उजाडायच्या आत जाळीनं पानं काढायची. पावसाळ्यात पानांबरोबर बेडूक येतात, कधी विंचू, कधी साप. बेडूक बहुतेक मेलेलेच असतात, आणि पाहुणे उठायच्या आत ते काढलेले हवेत. पाणी खेचणाऱ्या तोंडाशी टोपली असते, ती उपसायची. लाद्यांवर पाण्याच्या रेषेशी चिकट पट्टा धरतो – माणसांच्या अंगाचं तेल आणि उन्हाची क्रीमं – तो घासायचा. तळ झाडायचा. मग पाणी तपासायचं. तिची तपासणी अशी: "ह्या बाटलीतलं पिवळं झालं तर बरं असतंय ताई, म्हंजे औषध हाय पाण्यात. दुसऱ्या बाटलीतलं लाल झालं की मग ॲसिड वतायचं." चौथी शिकलेल्या बाईनं रंगांवरून पाण्याचं निदान करायचं तंत्र आत्मसात केलं आहे. हेच काम हॉटेलातला पुरुष करतो तेव्हा त्याला 'पूल ऑपरेटर' म्हणतात आणि तो कुशल कामगार ठरतो.

शिवाय टॉवेल. याचा हिशेब तर कुठल्याच माहितीपत्रकात नसतो. घरात तलाव आला की एका माणसामागे दिवसाला दोन-तीन टॉवेल निघतात. शनिवार-रविवार दहा पाहुणे आले तर सोमवारी टॉवेलांचा डोंगर. स्वयंपाक, भांडी, पाहुण्यांच्या रात्री अकराच्या ऑम्लेटी वेगळ्याच.

या सगळ्याचा तिचा पगार किती? शून्य. हे मी अलंकारिक बोलत नाही. बंगल्यांसाठी माणूस शोधताना 'जोडपं पाहिजे' असं सांगतात. कधी 'लहान मुलं नसलेलं' हेही जोडतात. राहायला मागच्या बाजूला एक खोली आणि पगार एक. तो नवऱ्याच्या खात्यावर जमा होतो. नवरा माळी, रखवालदार, पंपवाला. बाई म्हणजे 'ती काय, असते मदतीला'. मी एका मालकांना विचारलं की दोन माणसांचं काम घेता तर पगार दोन का नाहीत? ते अतिशय सभ्यपणे म्हणाले, "अहो, ती राहतेच ना इथे." घरात राहणं म्हणजेच काम करणं आणि काम करणं म्हणजे नुसतं राहणं! बायकांच्या घरकामाबद्दल आपण चाळीस-पन्नास वर्षं जे बोलत आलो ते इथे एका मालकानं एका वाक्यात सिद्ध करून दाखवलं. फरक इतकाच की हे घर तिचं नाही.

म्हणून मी म्हणते की हा तलाव फक्त श्रीमंतीचा प्रश्न नाही. श्रीमंतांवर दोन टोमणे मारून मोकळं होणं सोपं आहे. प्रश्न असा आहे की नवऱ्याला नोकरी दिली की बायको फुकट मिळते, ही सरंजामी समजूत एका नव्या वस्तूच्या आडोशाला पुन्हा घट्ट होते आहे. १९७६ साली समान वेतनाचा कायदा झाला, पण जिला वेतनच नाही तिनं ते कशाशी समान करून मागायचं? महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. तो मिळवायला मोलकरणींच्या संघटनांनी किती वर्षं मोर्चे काढले ते आपल्यापैकी अनेकींना ठाऊक आहे. त्या मंडळात नाव नोंदवायचं तर मी अमक्याच्या घरी काम करते हे दाखवावं लागतं. आणि मालक म्हणतो, ही माझ्याकडे कामाला नाही, माझ्या माणसाची बायको आहे.

आता ॲसिडबद्दल, आणि इथे मला आवाज चढवूनच बोलायचं आहे.

हायड्रोक्लोरिक ॲसिड म्हणजे काय हे स्त्री संघटनांना शिकवावं लागत नाही. ते फेकल्यावर चेहऱ्याचं काय होतं ते आपण पाहिलेलं आहे. लक्ष्मी अग्रवाल या तरुणीवर २००५ साली दिल्लीत ॲसिड हल्ला झाला. तिच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०१३ मध्ये आदेश दिला की ॲसिड विकताना दुकानदारानं नोंदवही ठेवावी, घेणाऱ्याचं छायाचित्र असलेलं ओळखपत्र पाहावं, कशासाठी हवं ते लिहून घ्यावं, अठरा वर्षांखालच्याला विकू नये. प्रयोगशाळा, रुग्णालयं अशा ठिकाणी साठा कुणाच्या ताब्यात आहे याची जबाबदारी ठरवावी, असंही त्यात आहे. बंगल्याच्या पंपखोलीत ॲसिडचे कॅन फरशीवर उभे असतील याचा विचार तेव्हा कुणी केला असेल? मी पाहिलेल्या एका पंपखोलीला दारच नव्हतं. शेजारच्या भिंतीला टेकून कामवाल्यांचं पोर अभ्यासाला बसत होतं.

हे ॲसिड ती बाई उघड्या हातांनी ओतते. जालन्याच्या बाईच्या उजव्या हाताच्या बोटांची सालं निघालेली असतात. तिला कुणी हे सांगितलेलं नव्हतं की ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडवर कधीच ओतायचं नाही; उसळून अंगावर येतं. हेही नाही की खूप पाहुणे येऊन गेल्यावर पाण्यात जी क्लोरीनची पावडर जादा टाकतात, तिचा आणि ॲसिडचा एका बादलीत संयोग झाला तर क्लोरीन वायू सुटतो आणि तो बंद खोलीत जीव घेऊ शकतो. कंत्राटदारानं मालकाला यंत्राची पुस्तिका दिली होती, इंग्रजीत. मालकानं ती कपाटात ठेवली. पंपखोलीत जिचे हात असतात तिच्यापर्यंत तिचं एक पानही आलं नाही. अज्ञान तिचं नाही, माहितीवरचा ताबा त्यांचा आहे.

पाण्याकडे वळते. अलिबागच्या मातीचं आणि मिठाचं जुनं वैर आहे. इथला खारेपाट म्हणजे भरतीचं पाणी बांध घालून अडवून, वर्षानुवर्षं पावसाच्या पाण्यानं मीठ धुऊन काढून भातशेतीखाली आणलेली जमीन. बांधाला खांड गेली की सगळं गाव धावतं, कारण एकदा खारं पाणी शेतात शिरलं की पुढची काही पिकं गेली. त्या खारलँडसाठी १९४८ पासून कायदा आहे. याच भागात चरीच्या कुळांनी खोतांविरुद्ध १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं संप केला आणि शेतं पडीक ठेवली. त्यांच्या घरातल्या बायकांनी ती सहा वर्षं चूल कशी पेटती ठेवली याचा इतिहास कुणीतरी नीट लिहायला हवा. तर अशा, मीठ बाहेर ठेवण्यावर पिढ्या खर्ची पडलेल्या जमिनीत आपण आता गोण्यांनी मीठ आणून आत ओततो आहोत.

मीठ तलावात राहतं, ते संपत नाही, असं सांगतात. अर्धसत्य आहे. क्लोरीन आपलं काम करून पुन्हा मिठाच्या रूपात परत येतो हे खरं. पण वाळूच्या गाळणीतला मळ काढायला दर आठवड्याला पंप उलटा फिरवतात आणि तीन-चार मिनिटांत पाचशे लिटर खारट पाणी बाहेर टाकतात. ते कुठे जातं? मी विचारलेल्या बहुतेक ठिकाणी उत्तर एकच – "मागे सोडतो." मागे म्हणजे कुणाच्या तरी शेताच्या बांधाला किंवा ओढ्याला.

आणि पावसाळा? ऑस्ट्रेलियात असे तलाव घरोघर आहेत. यंत्रं विकणाऱ्यांचे सल्ले तिकडच्या कोरड्या हवेचे. अलिबागला वर्षाला दोन मीटरच्या आसपास पाऊस पडतो. सव्वा मीटर खोल तलावात आभाळातून दोन मीटर पाणी आलं तर काय होईल? ओसंडेल. ओसंडताना निम्म्याहून जास्त मीठ घेऊन जाईल, आणि गणपतीनंतर पुन्हा गोण्या येतील. अलिबागचा पांढरा कांदा साऱ्या महाराष्ट्रात जातो. वडखळच्या रस्त्यावर बायका त्याच्या वेण्या बांधून विकायला बसतात. कांदा हे मीठ अजिबात न सोसणाऱ्या पिकांपैकी आहे. बंगल्यामागचं एखादं शेत हळूहळू का बसलं हे त्या बाईला कोण सांगणार? पुरावा दे म्हटलं तर ती कुठून देणार?

उन्हाळ्याचं गणित उलट. दिवसाला पाच मिलिमीटर पाणी उडून जातं असं धरलं तरी या एका तलावातून रोज एकशे साठ लिटर गेलं, म्हणजे दहा-अकरा हंडे. ते कूपनलिकेतून किंवा टँकरनं भरून काढतात. पेण-अलिबागच्या खारेपाटात बायकांनी पिण्याच्या पाण्यासाठी हंडा मोर्चे काढले आहेत. त्यांना हे गणित मांडून दाखवा.

माझ्या एका मैत्रिणीचा आक्षेप आहे, आणि तो मी टाळणार नाही. ती म्हणते, "बाईला पोहायला मिळतं कुठे? सार्वजनिक तलावात नजरा, नदीवर नजरा. घरच्या तलावात ती पहिल्यांदा अंग मोकळं सोडते. तू तेही काढून घेणार?" नाही, काढून घेणार नाही. पाण्यात अंग सोडून देण्याचं सुख मलाही माहीत आहे आणि ते चैनीच्या यादीत टाकायची माझी तयारी नाही. पण मग ते सुख कुणाकुणाला? जालन्याची बाई इतकी वर्षं त्या पाण्याची राखण करते आहे, आजवर एकदाही त्यात उतरलेली नाही. तिच्या मुलीनं पाय बुडवले तेव्हा पाहुण्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "पाणी खराब होईल." याच जिल्ह्यात महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घ्यायला १९२७ साली सत्याग्रह करावा लागला. पाणी कुणाच्या स्पर्शानं 'खराब' होतं हे ठरवण्याचा अधिकार अजून कुणाकडे आहे ते पाहा. बायकांना मोकळेपणानं पोहता यावं ही मागणी खरी असेल तर ती नगरपालिकेकडे करू या. तालुक्याच्या गावी तलाव मागू या, बायकांसाठी सोयीच्या वेळा मागू या, शिकवायला बाई मागू या. दुपारी बारा ते एक ही 'महिलांची वेळ' नको.

पोहता न येणाऱ्यांचा विषय निघालाच आहे म्हणून – मी पाहिलेल्या एकाही तलावाला कुंपण नव्हतं. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साऊथ वेल्स राज्यात घरच्या तलावाला कुंपण हवं यासाठी १९९२ साली कायदा झाला. कुंपण किमान १.२ मीटर उंच आणि दार आपोआप मिटणारं. लहान मूल पाण्यात पडतं तेव्हा ओरडतही नाही. बंगल्यावर बारा महिने राहणारं लहान मूल कुणाचं असतं? मालकाचं नव्हे. आपण त्यांचं यंत्र आणलं, कुंपण तिकडेच ठेवलं.

आता आपल्याबद्दल. आपली शिबिरं कुठे होतात? पूर्वी शाळेच्या खोल्यांत, मंगल कार्यालयात, कुणाच्या तरी वाड्यात व्हायची. सतरंज्या आपणच घालायचो, भांडी पाळीपाळीनं घासायचो. हल्ली कुणी हितचिंतक बाई प्रेमानं आपला बंगला देऊ करते आणि आपण जातो. दिवसभर 'स्त्रियांचे अदृश्य श्रम' यावर गटचर्चा होते, फळ्यावर तक्ते होतात. संध्याकाळी काही जणी तलावात उतरतात. एका शिबिरात तर चर्चेच्या मधल्या सुट्टीत चहा घेऊन आलेल्या बाईला कुणी बस म्हटलं नाही. तक्त्यावर शेवटच्या रकान्यात 'मोबदला – नाही' असं लिहिलेलं होतं, आणि ती कप गोळा करत त्याच तक्त्यासमोरून तीन वेळा गेली.

बंगल्यावर बहिष्कार टाका असं मी म्हणत नाही. म्हणते ते एवढंच की जागा स्वीकारण्याआधी मालकिणीला काही प्रश्न विचारायची हिंमत दाखवू. तिथे राहणाऱ्या बाईचा पगार तिच्या स्वतःच्या नावावर, वेगळा मिळतो का? नोंदणीसाठी लागणारा कागद तिला द्याल का? ॲसिडला कुलूप आहे का, हातमोजे-चष्मा आहे का, पुस्तिकेचं मराठी कुणी करून दिलं का? ते आपण करून देऊ शकतो, दोन पानांचं काम आहे. गाळणीचं पाणी कुठे सोडता? तलावाला कुंपण कधी घालणार? आणि शिबिराच्या तीन दिवसांचं तिचं मानधन आपल्या अंदाजपत्रकात धरू. व्याख्यात्यांचं धरतो तसंच.

जालन्याच्या बाईच्या मालकिणीला मी हे प्रश्न विचारले. चांगली बाई आहे, सुशिक्षित, स्वतः नोकरी केलेली. आपल्या अंकाची वर्गणीदारही आहे. हातमोजे तिनं त्याच आठवड्यात आणून दिले. ॲसिडचे कॅन कुलपात गेले. कुंपणाचं विचारलं तर म्हणाली, दिसायला बरं नाही दिसणार, पण बघते. मग पगाराचं विचारलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "ते मला ह्यांच्याशी बोलावं लागेल."